रेव्ह. म्हणजे कोण?

स्मरणिकेच्या संपादक मंडळात आमच्या बॅचचा जो मित्र आहे, तो पाचवीपासून माझ्या बाकावरचा. त्यामुळे त्याच्यावर फार ओरडता येत नाही. त्यानं फोन करून विषयच हातात ठेवला, 'आजच्या काळात ख्रिस्ती श्रद्धा कशी टिकवलीस, ते लिही.' मी म्हटलं, अरे, आपल्या वर्गात गणपतीवाले होते, वारकरी होते, बाबासाहेबांना मानणारे होते. त्यांना का नाही विचारलंस? तर म्हणाला, 'विचारलं. सगळे म्हणतात, आम्ही कबड्डीच्या फायनलवर लिहितो.'

तर मी १९८५च्या दहावीचा. वर्गात ख्रिस्ती मी एकटा. आडनाव अस्सल नगरी आणि पहिलं नाव बायबलमधलं, त्यामुळे हजेरी घेताना नव्या शिक्षकांची जीभ दोन्हींच्या मधे हटकून अडखळायची. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली आणि पुढे नगरकडे सरकली. त्यांच्याच एका शाळेत आमचे पणजोबा अक्षरं गिरवायला शिकले. मग वडील पोटासाठी उलटे मुंबईत आले, लालबागच्या गिरणीत, साचेखात्यात. मला कॉन्व्हेंटात का घातलं नाही, असं मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, लोक त्यांना विचारत. ते म्हणत, 'फी झेपत नाही. आणि देवाला मराठी कळतं.'

आपल्या शाळेत सकाळची प्रार्थना व्हायची, ती तुम्हा सर्वांना पाठ आहे. आईनं मला सांगून ठेवलं होतं, हात जोडायचे, मान खाली घालायची आणि मनात प्रभूची प्रार्थना म्हणायची. माझे ओठ सगळ्यांपेक्षा वेगळे हलतात हे फक्त मराठीच्या बाईंच्या लक्षात आलं. एकदा व्हरांड्यात त्यांनी हळूच विचारलं, 'तुझी प्रार्थना आमची संपायच्या आत होते का रे?' मी म्हटलं, 'दोनदा होते.' त्या हसल्या आणि पुढे गेल्या. दसऱ्याच्या पाटीपूजनाला एकाच्या आकड्यांची सरस्वती मी फार सुबक काढायचो आणि चार-पाच जण आपल्या पाट्या माझ्याकडून काढून न्यायचे. हे वडिलांना मी कधीच सांगितलं नाही. आता ते नाहीत, म्हणून लिहितोय.

खरा पेच पडला तो मोदकांचा. पाचवीत असताना गणेशचतुर्थीला याच मित्रानं (होय, संपादकानं) घरी जेवायला बोलावलं. मी वडिलांना विचारलं, जाऊ का? त्यांनी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. रात्री दिव्याखाली बायबल काढलं आणि प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं, करिंथकरांस पहिलं पत्र उघडलं. मूर्तीला दाखवलेलं अन्न ख्रिस्ती माणसानं खावं की नाही, हा प्रश्न करिंथच्या मंडळीलाही पडला होता, हे मला त्या रात्री कळलं. आठव्या अध्यायात पौल म्हणतो, अन्नामुळे आपण देवाच्या जवळ जात नाही की लांब पडत नाही. पण तुझं खाणं पाहून एखाद्या दुबळ्या भावाचा विवेक डगमगत असेल तर मात्र खाऊ नकोस. वडिलांनी ते दोनदा वाचलं. मग निकाल दिला, 'जेवायला जा. आरतीच्या वेळी दाराशी थांब. टाळ्या वाजवायच्या नाहीत, तोंडही वाकडं करायचं नाही.'

मी दाराशी, चपलांच्या ढिगापाशी उभा राहिलो. मित्राच्या आईला कारण कळलं. त्यांनी काय करावं? पुढच्या वर्षी नैवेद्य दाखवायच्या आधीच माझ्या वाटणीचे पाच मोदक डब्यात काढून ठेवले. 'वडिलांना सांग, देवापुढे ठेवलेले नाहीत.' नैवेद्याआधी घरात कुणी चव बघायला बोट लावलं तरी चालत नाही, हे लालबागेत राहून मलाही माहीत होतं. मी आनंदानं डबा घरी नेला. वडिलांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, 'त्या माउलीनं आपल्यापायी स्वतःचा नेम मोडला.' अंगात सदरा चढवला, तीन जिने उतरून समोरच्या चाळीत गेले आणि दारातूनच म्हणाले, 'वहिनी, पुढच्या वर्षी आधी नैवेद्य होऊ द्या. नंतर पोराच्या ताटात काय वाढायचं ते वाढा. मी विचारणार नाही, तुम्ही सांगू नका.' हेही त्यांचं स्वतःचं नव्हतं. त्याच पत्रात दोन अध्याय पुढे पौलानं लिहिलंय की कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर ताटात येईल ते खा, चौकशी करत बसू नका. आमच्या मंडळीतल्या एक मावशी मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की तुझ्या बापानं सूट घेतली. असेल. मी इतकंच पाहिलं की दोन्ही घरांनी आपापला देव धरून ठेवला होता आणि तरी पाच मोदक इकडून तिकडे आले.

आता माझी गोष्ट. सहावीत नाताळच्या सुट्टीनंतर एक बदली शिक्षक आले होते. त्यांनी सहज, गमतीच्या सुरात विचारलं, 'काय रे, वर्गात कुणी केक-पाववाले आहेत का?' पोरं हसली. मीही हसलो. हात वर केला नाही. माझ्या बाकावरच्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फळ्याकडे बघत बसला. आमच्या घरी नाताळाला केक नव्हे, करंज्या आणि चकल्या होतात, तेव्हा मी तांत्रिकदृष्ट्या खोटं बोललो नव्हतो, अशी मनाची समजूत घालून घेतली. उत्तम शुक्रवाराच्या (गुड फ्रायडेच्या) आधीच्या आठवड्यात वडिलांनी पेत्राची गोष्ट वाचली. येशूला पकडलं त्या रात्री त्याच्या या शिष्यानं, कोंबडा आरवायच्या आत, 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा म्हटलं, ती. ती मी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, दहा वेळा ऐकली होती, पण त्या वर्षी पहिल्यांदा लक्षात आलं की पेत्राला सुभेदारानं विचारलेलं नाही, शिपायानं तलवार उगारून विचारलेलं नाही. अंगणात शेकोटी पेटलेली, थंडी पडलेली, आणि एक मोलकरीण म्हणते, तूही त्याच्याबरोबर होतास ना? एवढ्यावर गडी घसरला. मला त्या शिक्षकांचा राग कधी आला नाही. त्यांना माहीतच नव्हतं की त्यांनी विचारलं ते काय होतं.

आठवीत मराठीच्या बाई कविता शिकवायला उभ्या राहिल्या. कवीचं नाव छापलेलं, रेव्ह. ना. वा. टिळक. वर्गाचा पहिला प्रश्न, हे लोकमान्यांचे कोण? बाई म्हणाल्या, हे वेगळे. दुसरा प्रश्न, 'रेव्ह. म्हणजे कोण?' बाईंनी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, नाव घेतलं नाही. मला वाटलं असतं तर मी खाली बघू शकलो असतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, 'रेव्हरंड. आमच्या चर्चचे पाळक असतात, त्यांना म्हणतात.' 'आमच्या' हा शब्द आपोआप गेला तोंडातून.

पुढचे दोन तास व्याकरण झालंच नाही. तुम्ही ख्रिश्चन, तर मराठी कसे? घरी भाकरी खाता? बायबल इंग्रजीत असतं ना? बाईंनी सगळे प्रश्न येऊ दिले. मग त्यांनीच सांगितलं की टिळकांनी १८९५ साली इथे मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या, काही वर्षांनी त्या त्यांच्या त्यांच्या वाटेनं आल्या. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो असं टिळक सांगत. दुसऱ्या दिवशी मला घरचं बायबल आणायला सांगितलं. त्यांनी येशूचं डोंगरावरचं प्रवचन एक पानभर वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, 'मराठी बघा कसं आहे ते.' श्रद्धेबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. माझं दृढीकरण, म्हणजे आपली श्रद्धा स्वतःच्या तोंडानं कबूल करायचा विधी, चर्चमध्ये त्यानंतर दोन वर्षांनी झालं, पण मला विचाराल तर ते आठवीच्या वर्गात उरकलं होतं.

आठवीचं हे वर्ष गिरण्यांच्या संपाचं होतं, हे आमच्या भागातल्यांना सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, आणि त्या अडीच लाखांत आमचे वडील. शाळेनं गिरणीवाल्यांच्या पोरांकडे फीचा तगादा लावला नाही, तेवढं एक वाक्य या स्मरणिकेत असायलाच हवं. वडिलांनी चर्चला जाणं थांबवलं. दानाची थैली पुढे आली की हात रिकामा कसा घालायचा, ही लाज. पाळकसाहेब तीन जिने चढून आले, बिनदुधाचा चहा प्यायले, फार काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, 'रविवारी दाराजवळच्या बाकावर बसा, तिथे थैली उशिरा येते.' वडील जाऊ लागले.

घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला आई तेविसावं स्तोत्र म्हणायची. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. एका संध्याकाळी, तांदळाचा डबा उपडा घातलेला दिसत असताना, मी मधेच म्हणालो, 'आई, उणे पडतंय की.' ती रागावली नाही. म्हणाली, 'पुढे मृत्युछायेची दरी आहे बघ त्याच स्तोत्रात. ती आलीय. म्हण पुढचं.' त्या रात्री समोरच्या चाळीतून पिठलं आलं होतं. आम्ही कुणी चौकशी केली नाही.

वडील गिरणीत परत गेलेच नाहीत. मुलुंडला एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन झाले. रविवारी ड्यूटीवरून थेट भायखळ्याला उपासनेला यायचे आणि उपदेश सुरू झाला की डुलक्या घ्यायचे. पाळकसाहेबांनी कधी हटकलं नाही.

आता मुद्द्याचं. आजचं जग श्रद्धेच्या मुळावर उठलंय, असं काही उपदेशक सांगतात. मला तसं दिसत नाही. माझं ऑफिस लोअर परळला, एका गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आहे. डिसेंबरात तिथे झाड सजतं, सगळ्यांना लाल टोप्या वाटतात, चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी देतात. मला 'मेरी ख्रिसमस' म्हणतात, तसंच शेजारच्या कुलकर्ण्यांनाही म्हणतात. इतक्या वर्षांत तिथे मला कुणी विचारलं नाही की तू नेमकं काय मानतोस. त्रास नाही, टोमणा नाही, मोलकरीणही नाही. कोंबडा आरवायचा प्रश्नच येत नाही. आणि अशा ठिकाणी माणूस नाकारत नाही, नुसता विसरतो. मला नास्तिकापेक्षा भीती वाटते ती 'हा मेसेज बारा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल' वाल्यांची. ते तर आपल्याच मंडळीच्या ग्रुपवर असतात.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये उपासना फोनवर आली. तेव्हा तो आधार होता, नाही म्हणणार नाही. पण चर्च उघडल्यावरही बरेच जण फोनातच राहिले. त्यांचंही काय चुकलं? मंडळी बदलापूर, विरार, खारघरला पांगली, चर्च मात्र भायखळ्यालाच राहिलं. शिवाय मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक रविवारीच असतो. माटुंगा ते मुलुंड अडकून पडलेला प्रत्येक ख्रिस्ती माणूस हा एक प्रकारचा हुतात्माच, असं मी गमतीनं म्हणतो. आमच्या पाळकांना ते आवडत नाही.

माझी मुलगी एका अमेरिकन कंपनीसाठी रात्रपाळी करते. रविवारी सकाळी सहाला घरी येते आणि झोपते. मी तिला उठवत नाही; आजोबांच्या डुलक्या आठवतात. मागच्या महिन्यात शूज काढता काढता म्हणाली, 'पप्पा, टीममधली एक जण विचारत होती, तू ख्रिश्चन तर मराठी कशी? काय सांगू तिला?' मला इतका आनंद झाला की मी चहा टाकायचा विसरलो. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि थेट १८१३पासून सुरुवात केली. टिळकांच्या बाप्तिस्म्यापर्यंत पोचेस्तोवर ती सोफ्यावर झोपली होती. अंगावर चादर घातली आणि ८.१२च्या लोकलला पळालो.

शेवटी एक तक्रार. शाळेच्या महोत्सवाचा मुख्य कार्यक्रम रविवारी सकाळी दहाला ठेवला आहे. मी संपादकांना फोन केला, म्हटलं, उपासना साडेदहाला सुटते, भायखळ्याहून करी रोड दोन स्टेशनं, अकरापर्यंत येतो. तो म्हणाला, 'दीपप्रज्वलन चुकेल तुझं. तू असाही दाराशीच उभा राहणार.' मग जरा थांबून म्हणाला, 'ये. बायको मोदक करणार आहे, तुझे पाच काढून ठेवतो.'

कधी काढून ठेवणार, ते मी विचारलं नाही.