कुब्रिकचा शेवटचा सिनेमा

आज 'आइज वाइड शट' (1999) पुन्हा पाहिला. दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकबद्दल आदर आहेच, पण हा सिनेमा काही केल्या अंगाला भिडत नाही.

निकोल किडमनचा कबुलीचा प्रसंग मात्र जबरदस्त! एका नौदल अधिकाऱ्यासाठी संसार सोडायला तयार होते, असं ती सांगते आणि तिच्या डॉक्टर नवऱ्याचा, म्हणजे टॉम क्रूझचा, चेहरा दगड होतो. गंमत म्हणजे त्यानंतर इच्छा बोलून दाखवणारी तीच बाई जवळजवळ गायब. उरतो तिचा नवरा, समोरच्याचंच वाक्य प्रश्नचिन्ह लावून परत म्हणणारा. ही लकब आधी स्वप्नासारखी वाटते, तासाभराने नुसती रटाळ.

नवरा चोरून शिरतो तो मुखवटेधाऱ्यांचा गुप्त कामक्रीडेचा सोहळा दिसायला भव्य, पण थंडगार. वासना नाही, कवायत. आणि शेवटी बिलियर्ड टेबलाभोवती झीग्लर, डॉक्टरचा श्रीमंत ओळखीचा, सगळा उलगडा करत बसतो. सिनेमा ज्यावर बेतलाय त्या ऑस्ट्रियन लेखक श्निट्झलरच्या 1926च्या मूळ कादंबरिकेत हे पात्रच नाही, त्यामुळे तिथलं गूढ शाबूत राहतं.

शिवाय मूळ कथेतलं व्हिएन्नातलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं लग्न जसंच्या तसं नव्वदच्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये आणलंय. बायकोच्या मनात परपुरुष येऊ शकतो याचा तिथल्या डॉक्टरला एवढा धक्का? पटत नाही बुवा.

प्रकाशयोजनेला मात्र पैकीच्या पैकी. घराघरातली ती ख्रिसमसची झाडं!