तुम्ही विचारलंत म्हणून: विमान चालवायला शिकणारी पोरं ते उतरवतानाच का आपटतात?

प्रश्न दर वेळी तोच. "एवढे तास उडवलंय, मग उतरताना विमानाचं नाक कसं मोडलं? अनुभव कमी, दुसरं काय!" असेल. पण तो लॉगबुकातल्या (उड्डाणांच्या नोंदवहीतल्या) तासांत शोधू नका. एका सर्किटला (उडून, धावपट्टीभोवती फेरी मारून पुन्हा उतरायला) सहा-सात मिनिटं लागतात, त्यात फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूहळू वर घेणं, पाच-सहा सेकंदांचा. शंभर लँडिंग झालेल्या मुलाचा फ्लेअरचा सराव जेमतेम दहा मिनिटांचा!

सेसना 172 हे शिकाऊ विमान घ्या. फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) 30 अंशांवर, फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरताना, वेग 65 नॉट पाहिजे. मुलगा 75 धरतो, 'सेफ्टी' म्हणून. (थोडा वेग जास्त असू द्या, असं सांगणारे आम्ही इन्स्ट्रक्टरच. चुकलंच.) दहा नॉटांनी ऊर्जा 33 टक्के वाढते. त्यात सोलो, म्हणजे मुलगा एकटाच, इन्स्ट्रक्टरचं वजन नाही. विमान तरंगत राहतं, धावपट्टी संपत चालते, आणि मुलगा ते जबरदस्तीने टेकवतो.

नोजव्हील (नाकाखालचं चाक) आधी टेकतं. नाक उसळतं, अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन) वाढतो, विमान पुन्हा चार-पाच फूट हवेत. इथवर काहीही मोडलेलं नसतं. नाक लँडिंगच्या स्थितीत धरून जराशी पॉवर दिली तर निभावतं. शंका आली तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं: फुल थ्रॉटल, फ्लॅप 20 वर, विमान चढायला लागलं की उरलेले फ्लॅप टप्प्याटप्प्याने मिटायचे. पण काचेत नुसतं आकाश दिसतं आणि हात योक (विमानाचं सुकाणू) पुढे ढकलतो. विमान जरा उशिरा ऐकतं, तोवर हात उलट ओढायला लागलेला. दुसरी उसळी पहिलीहून उंच, वेग मात्र घटलेला. तिसऱ्या आपटीला नोजगिअर (नाकाच्या चाकाचा पाय) मोडतो, प्रॉपेलर जमिनीला लागतो, फायरवॉल (इंजिनामागची पत्र्याची भिंत) सुरकुतते. प्रॉपेलर बदलून भागत नाही, इंजिनही उघडून तपासावं लागतं.

"शिकवलं नव्हतं?" शिकवलं होतं. तोंडपाठ होतं. फक्त ड्युअलमध्ये, म्हणजे आम्ही शेजारी असताना, बाउन्स (उसळी) झाला की योकवर आधी आमचा हात जातो. त्यामुळे त्याने स्वतः सावरायचा पहिला बाउन्स येतो तो सोलोत.

मग हात उशिरा घालावा? नोजगिअर दोघांच्या वजनाखालीही मोडतोच. क्रॉसविंड (आडवा वारा) आठ नॉट असला तर मी हात न घालता थांबतो, बारा असला तर नाही. हे आकडे कुठून आणले म्हणाल, तर सांगता येणार नाही.