आमची वाटचाल : सीएसव्ही, एक्सएमएल आणि जेसॉनच्या मागे

2012 ला सांगलीत मार्केट यार्डाजवळ एका गाळ्यात दोन कॉम्प्युटर टाकून सुरवात केली, मी आणि माझा मावसभाऊ. गिऱ्हाईक म्हणजे हळद-बेदाण्याचे व्यापारी, काम म्हणजे त्यांची बिलं वेबवर आणायची. फॉरमॅट बिरमॅटचा विचार कोण करतंय, सगळं सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामानं रकाने तोडलेली साधी मजकुराची फाईल, कारण दिवाणजींना फाईल एक्सेलमध्ये उघडून बघायची असते.

अंगाशी आलं ते जीएसटी लागल्यावर. हळदीचा एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाचा कोड, 0910, बेदाण्याचा 0806. दिवाणजी फाईल उघडून एखादा दर दुरुस्त करायचे, सेव्ह मारायचे, की पुढचा शून्य गायब, 0910 चं 910. आम्ही दोन दिवस आपल्याच कोडमध्ये बग शोधत बसलेलो. सीएसव्हीत आकडा कुठला आणि मजकूर कुठला हे लिहिलेलंच नसतं, उघडणारा आपल्या मनानं ठरवतो.

टॅलीला, म्हणजे व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला, जोडायचं म्हटल्यावर एक्सएमएल आलं, त्यात प्रत्येक माहितीला पुढंमागं नावाचा टॅग लावायचा. पोर्ट 9000 वर एक्सएमएल पाठवा, उत्तरही एक्सएमएलमध्येच. एका व्हाउचरला, म्हणजे एका नोंदीला, टॅगांची ही लांबलचक माळ, मावसभाऊ म्हणायचा ह्यात माल कमी आन् बारदानच जास्त. एकदा एका पार्टीचं एकही बिल जाईना. बघतो तर पार्टीच्या नावात ‘&’, तो एक्सएमएलमध्ये तसाच कच्चा चालत नाही, एस्केप करावा लागतो, म्हणजे त्याच्या जागी ठरलेली खूण लिहावी लागते, आणि आम्ही स्ट्रिंगा, म्हणजे मजकुराचे तुकडे, जोडून जोडून एक्सएमएल बनवत होतो. चूक आमचीच. एक्सएमएल बनवणारी तयार कोडची लायब्ररी वापरायला लागलो, विषय मिटला.

जेसॉन, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांत माहिती लिहायचा फॉरमॅट, वेबला आधीपासून वापरत होतोच, ब्राउझरला ते आयतं कळतं. पण ऑगस्ट 2023 ला ई-इनव्हॉइसची, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाची, उलाढालीची मर्यादा 5 कोटींवर आली, आमची बरीच गिऱ्हाइकं त्यात सापडली आणि सरकारला इनव्हॉइस जेसॉनमध्येच पाहिजे. म्हटलं चला, आता एकच फॉरमॅट. कसलं काय! जेसॉनमध्ये तारीख हा प्रकारच नाही, नुसती स्ट्रिंग. ई-इनव्हॉइसला 05/09/2023, टॅलीला 20230905, आणि ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टनं पहिलीच तारीख अमेरिकन पद्धतीनं वाचून 5 सप्टेंबरचं बिल स्क्रीनवर 9 मे ला दाखवलं. शेठ म्हणाले, "अरे मे मध्ये हा माल माझ्याकडं आलाच नव्हता!"

आता आत सगळीकडे वर्ष-महिना-दिवस, बाहेर जाताना ज्याला जसं पाहिजे तसं. तिन्ही फॉरमॅट चालूच आहेत. आणि संध्याकाळी दिवाणजींचा फोन असतोच, "ते जेसॉन राहू दे बाबा, एक्सेल पाठव."