शाळेच्या बजेटवर बोलायला तीन मिनिटं

परवा इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, आमच्या स्कूल बोर्डाच्या, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाच्या, बजेट मीटिंगला जाऊन आले आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहायला बसले.

इकडे मीटिंगमध्ये लोकांना बोलायला वेळ ठेवलेला असतो, आमच्याकडे माणशी तीन मिनिटं. समोर छोटासा दिवा, हिरव्याचा पिवळा होतो, मग लाल. बरेच जण टॅक्स वाढवू नका किंवा शिक्षक कमी करू नका एवढंच बोलून खाली बसले. मग एक बाई उठल्या, हॉस्पिटलच्या कपड्यांतच, ड्युटीवरून थेट आल्या असाव्यात. हातात बजेटच्या मसुद्याची दोन पानं, त्यावर पिवळ्या हायलायटरच्या रेघा. भाषण वगैरे काही नाही. म्हणाल्या, वाचनात मागे पडलेल्या लहान मुलांसाठी मागच्या वर्षी दोन शिक्षक होते, यंदा या ओळीत एकाचाच पगार दिसतोय, दुसरा कुठे गेला? आणि त्याच पानावर खाली बाहेरून घेतलेल्या सेवांचा आकडा वाढलाय तो कशासाठी? बस, एवढंच. दिवा अजून हिरवाच होता. बोर्डावरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले, फायनान्सचे साहेब पानं चाळायला लागले आणि शेवटी म्हणाले, पुढच्या मीटिंगला लेखी उत्तर देतो. आधीच्या सगळ्या भाषणांना नुसतं थँक्यू मिळालं होतं, यांच्या प्रश्नाला लेखी उत्तराचा शब्द मिळाला, तोही सगळ्यांसमोर.

मला त्या बाईंचं इतकं कौतुक वाटलं की बाहेर पडल्यावर पार्किंगमध्ये गाठलंच त्यांना. त्यांनी सांगितलं की बजेट पास व्हायच्या किमान २० दिवस आधी मसुदा लोकांना बघायला खुला करावा लागतो, मागचं आणि यंदाचं पान शेजारी ठेवायचं, फरक दिसेल त्या एकाच ओळीवर बोलायचं, आणि जायचं ते मसुदा खुला असतानाच, कारण जूनअखेर मंजुरी झाली की मग कितीही ओरडा, पैसे वाटून झालेले असतात.

आपल्या लोकांत एक पक्का समज आहे की आपण व्हिसावरचे, मत नाही, आपल्याला कोण विचारतंय. ग्रुपवर शाळांच्या रेटिंगवर रात्री बारापर्यंत चर्चा, मीटिंगला मात्र एकही देशी चेहरा नाही, याचा मला खरंच राग येतो. पेनसिल्व्हेनियाच्या सनशाइन ॲक्टमध्ये, म्हणजे सरकारी मीटिंगा लोकांसाठी खुल्या ठेवायच्या कायद्यात, बोलायचा हक्क तिथल्या रहिवाशाला आणि करदात्याला दिलाय, पासपोर्ट कुठला याचा त्यात संबंधच नाही. टॅक्स तर आपण भरतोच ना.

आता यातली खटकणारी गोष्ट. इथे शाळांचा निम्म्याहून जास्त पैसा स्थानिक करांतून येतो, त्यात मोठा वाटा प्रॉपर्टी टॅक्सचा, म्हणजे जिथे घरं महाग तिथली शाळा श्रीमंत. गरीब स्कूल डिस्ट्रिक्टमधले (एका स्कूल बोर्डाखालचा भाग म्हणजे एक डिस्ट्रिक्ट) लोक बऱ्याचदा आपल्यापेक्षा जास्त दराने टॅक्स भरतात आणि तरी त्यांच्या शाळेला कमी पैसे मिळतात, कारण घरांची किंमतच कमी. आम्ही चांगली शाळा बघूनच घर घेतलं, आणि त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही, कुठलेही आईबाप हेच करतील. पण आपल्या मुलाची सोय झाली म्हणजे शेजारच्या डिस्ट्रिक्टचा प्रश्न आपला नाही, हे काही मला पटत नाही.

हा प्रश्न काही पालक आणि सहा स्कूल डिस्ट्रिक्ट, सोबत दोन संघटना, असे मिळून २०१४ मध्ये कोर्टात घेऊन गेले. खालच्या कोर्टाने आधी केस ऐकायलाच नकार दिला, २०१७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ती परत उभी केली, सुनावणी सुरू व्हायला २०२१ उजाडलं, आणि ७ फेब्रुवारी २०२३ ला त्याच खालच्या कोर्टाचा ७८६ पानांचा निकाल आला की ही पद्धत राज्याच्या घटनेत बसत नाही. त्यानंतर २०२४ च्या राज्याच्या बजेटमध्ये ही दरी भरायला पहिला हप्ता निघाला. दहा वर्षं! केस टाकली तेव्हा पहिलीत असलेलं पोर तोवर हायस्कुलात गेलं. म्हणून कोर्टाच्या भरवशावर न बसता दरवर्षी आपल्या आमदाराच्या ऑफिसात जाऊन यंदाच्या हप्त्याचं काय झालं हे विचारत राहायला हवं, आणि हे आमच्यासारख्या श्रीमंत डिस्ट्रिक्टमधून विचारलं गेलं तर जास्त टोचतं.

हे वाचून कुणी म्हणेल, अमेरिकेचं कौतुक सुरू झालं हिचं. अजिबात नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे लेखी मांडलं होतं की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, प्राथमिक शिक्षण किमान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. कर कोण भरतो आणि शाळा कुणाला मिळते, हा हिशोब आपल्या माणसाने कधीच मांडून ठेवलाय. आणि कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडच्या आरटीईमध्ये, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, पालकांना जे दिलंय ते इथल्या तीन मिनिटांपेक्षा कितीतरी मोठं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका, आणि समितीने केलेल्या शाळा विकास आराखड्यावरच सरकारने अनुदान ठरवायचं, हे कायद्याच्या २१ व्या आणि २२ व्या कलमांत लिहिलंय.

गावाकडे माझी वहिनी झेडपीच्या शाळेच्या समितीवर आहे. प्रोसिडिंगवर, म्हणजे बैठकीच्या नोंदवहीवर, सही करायला बोलावतात आणि चहा पाजून घरी पाठवतात, असं ती सांगते. तिला मी फोनवर सांगितलं, सही करायच्या आधी वाचायला माग. आणि संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर मिळतं, ते यंदा किती आलं, कधी आलं, कशावर गेलं एवढंच विचार. वर्गाचं छत गळत असेल तर ते आराखड्यात लिहून घे, ठराव कर, ठरावाची प्रत पंचायत समितीला आणि झेडपी सदस्याला दे, पोच घे. उत्तर नाहीच आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. एकटीने जाऊ नको, अजून दोघीतिघींना घेऊन जा.

तुमच्यापैकी कुणाची मुलं झेडपीच्या किंवा पालिकेच्या शाळेत असतील, किंवा नसतीलही, तरी पुढच्या मीटिंगची तारीख विचारून घ्या. आणि मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा की आराखड्याची झेरॉक्स लागेल, म्हणजे त्यांनाही काढून ठेवायला वेळ मिळेल.