सोलापूरचं ऊन आणि चीजचं पाणी

मार्चचा पहिलाच आठवडा, तरी टेंभुर्णी सोडल्यापासून एसटीच्या खिडकीची सळई हाताला चटका देत होती. उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगत होती आणि मधूनच मळीचा तो आंबूस-गोड वास आत घुसत होता. सोलापूरला आत्याकडे पोचलो तर नातू दारातच उभा.

"काका, अमेरिकेत रस्त्यावरचा बर्फ घालवायला चीजचं पाणी ओततात. खरं की थाप?"

"थाप," मी चप्पल काढता काढता म्हणालो. त्याच्याकडे आणखी माल होता: बिटाचा रस, लसणाचं मीठ. म्हटलं, याला कुणीतरी फोनवर भाजीबाजारच पाठवलेला दिसतोय.

जेवणानंतर आत्याने आइस्क्रीमचं जुनं लाकडी पॉट काढलं. बर्फ फोडून डब्याभोवती भरायचा, वर खडे मीठ, आणि हँडल फिरवत बसायचं. मीठ मिसळलेलं पाणी शून्याला गोठत नाही. म्हणून बर्फ वितळू लागतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. मिठाचं प्रमाण नीट जमलं तर हे पाणी उणे 21 अंशांपर्यंत तग धरतं. रस्त्यावरही हाच खेळ, फक्त तिथे डब्यात दूध नसतं. हात दुखला तसं हँडल पोराकडे दिलं आणि फोनवर शोधत बसलो.

थाप नव्हती. विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहराने 2013 च्या हिवाळ्यात चीज मुरवलेलं खारं पाणी रस्त्यांवर वापरून पाहिलं होतं. पण त्यात चीजची काही करामत नाही. ते मुळातच मिठाचं पाणी, एरवी टाकून द्यायचं. लसणाचं मीठही खरं निघालं: 2008 मध्ये आयोवातल्या अँकेनी गावाला ते 8 टनांच्या आसपास फुकट मिळालं आणि त्यांनी ते साध्या मिठात मिसळून टाकलं.

मी फसलो होतो बिटावर. डोळ्यांपुढे कोशिंबिरीतलं लालभडक बीट, आणि रस्ता रक्ताने माखल्यासारखा! ते बीट साखरेचं, आतून पांढरं. आणि 'रस' म्हणजे साखर काढून उरलेला तपकिरी, चिकट द्रव. म्हणजे मळीच की! तिच्यामुळे मीठ रस्त्याला चिकटून राहतं, चाकांनी उडून जात नाही, आणि कडक थंडीतही काम करतं. आपल्याकडे मळीची दारू होते, इथेनॉल होतं. दुपारभर जो वास घेत आलो, त्याचाच हा चुलतभाऊ.

"मग आपल्या रस्त्यावर मळी ओतली तर?" पोरगा.

"मुंग्या येतील," आत्या आतून म्हणाली. "आणि मिठाचा डबा कुठाय रे?"

डबा पायरीवर होता, रिकामा. बर्फाचे चार तुकडे मांडून त्यांच्यावर मूठमूठ मीठ ओतून पोराने आपलं संशोधन पुरं केलं होतं. आइस्क्रीम रात्री अकरापर्यंत पातळच राहिलं. पेल्यांत ओतून प्यायलो.