बॉण्डची मुदत संपायच्या आत नोकरी सोडताना

गणपतीच्या आदल्या आठवड्यात, ऑगस्ट 2025 मध्ये, माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका आला. दिंडोरी तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग. भाऊ फौजेत. छाटणी तोंडावर आलेली, आणि मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला, 3 वर्षांच्या करारावर. मुदतीआधी सोडायचं नाही असा हा करार, म्हणजेच बॉण्ड. पण आता नोकरी सोडणं भाग होतं.

कँटीनमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं, "अगं, बॉण्ड म्हणजे नुसता कागद. उद्यापासून येऊच नको, कोण विचारतंय?" दोघंतिघं तसे गेलेही होते. पण माझ्या डिप्लोमाच्या मूळ गुणपत्रिका कंपनीकडे जमा होत्या आणि सही केलेला एक कोरा चेकसुद्धा. जानेवारी 2024 मध्ये रुजू होताना पुढे सरकवलेल्या प्रत्येक कागदावर मी भराभर सह्या केल्या होत्या. नोकरी लागली याचाच आनंद इतका होता.

सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात ओळखीच्या एका वकीलताईंकडे करार घेऊन गेले. त्यांनी तो ओळ न ओळ वाचला आणि पेन्सिलीने दोन ठिकाणी खुणा केल्या: दोन महिन्यांची नोटीस, आणि मुदतीआधी सोडल्यास 1 लाख रुपये 'प्रशिक्षण खर्च'.

मनाविरुद्ध कामावर राहा असं कोर्ट कुणाला सांगत नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. पण पैशाची जबाबदारी सुटत नाही. 1872 च्या करार कायद्यातल्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. तिच्या आत जेवढी वाजवी ठरेल तेवढीच भरपाई मिळते. "आणि बॉण्ड म्हणजे नुसता कागद, हे डोक्यातून काढ," त्या म्हणाल्या. मे 2025 मध्येच सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेची '3 वर्षं नोकरी, नाहीतर 2 लाख' ही अट वैध धरली होती. खरी धास्ती चेकची. तो भरून बँकेत टाकला आणि वटला नाही, तर चेकच्या कायद्यातल्या कलम 138 ची केस मागे लागू शकते. हे ऐकून माझे हातपाय गार पडले. न सांगता निघून गेले असते तर हेच झालं असतं.

8 सप्टेंबरला राजीनामा दिला. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "आम्ही पोच देत नाही." मग तोच मजकूर ईमेलने पाठवला आणि सिडकोच्या पोस्टातून स्पीड पोस्टानेही. त्यात तीन गोष्टी होत्या: माझा शेवटचा दिवस 7 नोव्हेंबर, चेक फक्त तारण म्हणून दिलेला आहे, तो परत करावा, आणि माझ्या प्रशिक्षणावर नेमका किती खर्च झाला त्याचा तपशील द्यावा.

नोटीस पूर्ण भरली. सुट्टीच्या दिवशी बागेत, एरवी शिफ्टला. त्या वर्षी पाऊस हटत नव्हता, छाटणी लांबली, तेवढाच आधार.

तपशील काही आला नाही. यायचा कुठून? पुण्यातला तीन दिवसांचा मापन यंत्राचा कोर्स सोडला तर मला कुणी काही शिकवलं नव्हतं. बाकी सगळं मी मशिनवर उभी राहून शिकले. शेवटच्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांसमोर मी वहीचं पान उघडलं. 36 महिन्यांतले 22 भरले, 14 राहिले. त्या हिशोबाने लाखाचे 38,889 होतात, आणि कोर्सचा खर्च त्याहून बराच कमी. साहेब पान बघत बसले. "30 हजार," ते म्हणाले. मी हो म्हटलं. घासाघीस करता आली असती, पण मी शब्द मोडत होते हेही खरं होतं.

फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या, कागदावर मात्र लगेच सही केली नाही. "आधी गुणपत्रिका आणि चेक," म्हटलं. मॅडम म्हणाल्या, मूळ कागद आमच्याकडे नाहीतच. रुजू होताना त्यांनीच जमा कागदांची यादी ईमेलने पाठवली होती, ती मोबाइलवर दाखवली. पंधरा मिनिटांनी पिवळं पाकीट आलं. गुणपत्रिकांना कोपऱ्यात स्टेपलरची भोकं पडलेली. ज्या कागदांसाठी अण्णांनी ऊस तोडायच्या मजुरीपासून सगळं केलं, ते असे अडवून ठेवायचा हक्क यांना दिला कुणी? त्या दिवशी मी काही बोलले नाही, पण तो राग अजून आहे. चेक तिथेच फाडला. 'बॉण्डपोटी 30 हजार वळते केले, यापुढे कोणतीही मागणी नाही' ही ओळ घालून घेतली, मग सही.

एक राहिलंच होतं. पीएफच्या पोर्टलवर कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नव्हती. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती आपली आपल्याला भरता येते. फेब्रुवारीत, मण्यांत पाणी उतरायला लागलं तेव्हा, बागेच्या बांधावर बसून आधारच्या ओटीपीने ती भरली. अण्णा खाटेवरून विचारत होते, "झालं का गं?" त्यांचं बोलणं आता बरंच स्पष्ट झालंय.

"झालं, अण्णा."