राखेचा अंतिम अहवाल: माझा अनुभव

प्रकल्पाची मुदत संपली की कागदोपत्री काम सुरू होतं. आमचा अनुदानित प्रकल्प नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातल्या राखेवर होता. ही राख कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटच्या द्रावणात कालवून ऊबेत ठेवली, की सिमेंटशिवाय दगडासारखी घट्ट होते. त्यालाच जिओपॉलिमर म्हणतात. घट्ट झाल्याचं बोटांनाही कळतं. आत अणूंची मांडणी कशी बदलली, ते घन-अवस्था एनएमआरमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपणाऱ्या तंत्रात, दिसतं.

त्यासाठी नमुने घेऊन पुणे गाठायचो. झिर्कोनिया या टणक सिरॅमिकच्या 4 मिमी व्यासाच्या रोटरमध्ये, म्हणजे छोट्या नळीत, पूड ठासून भरायची आणि चुंबकीय क्षेत्राशी 54.7 अंशांच्या कोनात तो सेकंदाला दहा हजारांवर फेरे घेईल असा फिरवायचा. असं कोनात फिरवण्याचं तंत्र 1958-59 पासूनचं.

खरी मेहनत मात्र नाशिकमध्येच झाली. राखेत मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं, त्याच्यामुळे वर्णपटातली (संकेतांच्या आलेखातली) शिखरं पसरून एकमेकांत मिसळतात. म्हणून आमच्या विद्यार्थिनी राख पाण्यात कालवून, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला चुंबक त्यात फिरवत बसायच्या. पिशवीला काळी पूड चिकटायची. ती धुवायची, पुन्हा फिरवायचा, पिशवी कोरी निघेपर्यंत. या कामाला अहवालात रकाना नाही. मी ते पद्धतीच्या भागात सविस्तर लिहिलं.

निष्पत्ती काय? अ‍ॅल्युमिनियम-27 च्या वर्णपटात 0 पीपीएमजवळचं (पीपीएम म्हणजे शिखराची जागा सांगायचं एकक) शिखर सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या अ‍ॅल्युमिनियमचं, तर 55 ते 60 च्या आसपासचं चारांनी वेढलेल्याचं. घट्ट झालेल्या नमुन्यात चारवालं शिखर उठून दिसलं, पण मुलाइट या स्फटिकातलं अ‍ॅल्युमिनियम जागचं हललंच नाही. म्हणजे मिश्रणाचं प्रमाण राखेतल्या एकूण अ‍ॅल्युमिनियमवरून काढणं चूक. राखेच्या काचेसारख्या, स्फटिक नसलेल्या भागातलं तेवढंच हिशेबात धरायला हवं.

डिसेंबरच्या थंडीत खोलीतच ठेवलेले नमुने बराच काळ ओलसर राहिले, वर्णपटही जवळजवळ कच्च्या राखेचाच. ‘हे कशाला दाखवता?’ असं एका ज्येष्ठांनी विचारलं. पण विटा उघड्यावर ठेवणाऱ्याला हीच माहिती लागते, म्हणून तेही जोडलं.

विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे सरकारी वित्तीय नियमांतला (जीएफआर) नमुना 12-अ, खर्चाचं विवरण, ठेवीवरच्या व्याजाचा परतावा हे सगळं लेखा विभागाने पार पाडलं. कोळसा बदलला की राख बदलते. त्यामुळे नव्या प्रस्तावात प्रत्येक खेपेतला काचेचा वाटा मोजण्यासाठी निधी मागितला आहे.